आपल्याच देशाचे टीकाकार

नागरिकाने आपल्या देशावर केलेली टीका बहुधा दोन दिशांनी जाते. एक दिशा सरकारची: त्याचे कायदे, कर, पोलीस, धोरणे. दुसरी समाजाची: त्याच्या रूढी, धर्मसमजुती, जातपात, इतिहासाचा अभिमान. देश म्हटला की या दोन्ही गोष्टी त्यात येतात, शिवाय भूमी, माणसे, भाषा आणि आता राज्यघटनाही येते. त्यामुळे टीका यांतल्या कशावरही झाली तरी टीकाकार देशाच्याच विरोधात आहे, असे म्हणायला जागा मिळते. सरकारवरच्या टीकेसाठी सत्तेने कायदे केले. समाजावरच्या टीकेला समाजाने निंदा, बहिष्कार आणि प्रसंगी दगडधोंडे यांनी उत्तर दिले. महाराष्ट्रात या दोन्ही प्रकारच्या टीकेला पावणेदोनशे वर्षांचा लिखित इतिहास आहे आणि देशभक्ती म्हणजे काय, या प्रश्नावर मराठीत झालेले वाद आजच्या वादांपेक्षा कितीतरी खोल आहेत.

१८४८ मध्ये मुंबईत भाऊ महाजन चालवत असलेल्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रे छापून येऊ लागली. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रे आली; पुढे ती ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीत होते आणि इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. पेशवाई बुडून तीसच वर्षे झाली होती. मूठभर परक्यांनी एवढा मोठा मुलूख घेतला कसा, हा प्रश्न त्या पिढीला स्वस्थ बसू देत नव्हता. कोणी त्याचे उत्तर दैवावर ढकलले, कोणी कलियुगावर, कोणी फितुरीवर. देशमुखांनी ते आपल्या समाजात आणि त्यातही स्वतःच्या ब्राह्मण जातीत शोधले. अर्थ न कळता घोकलेली विद्या, कष्टाचा कंटाळा, विधवांचे हाल, पाळण्यातली लग्ने, दक्षिणेवर पोसलेला आळस, बाहेरच्या जगाविषयीची बेफिकिरी, हे सारे त्यांनी अशा भाषेत मांडले की आजही वाचताना चटका बसतो.

ही पत्रे फक्त शिव्याशाप देत नाहीत. देशी माल वापरा, व्यापार आणि कारागिरी शिका, पुस्तके वाचा, असा आग्रह त्यांत आहे. हिंदुस्थानातही पार्लमेंट असावे, ही कल्पना त्यांनी काँग्रेसच्या स्थापनेच्या किती तरी आधी मांडली. पुण्यात १८४८ मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. त्यांची उणीव वेगळीच होती. इंग्रजी राज्य ही ईश्वराने घालून दिलेली शाळा आहे आणि तिथे शहाणपण शिकून झाले की लोक आपोआप मोकळे होतील, यावर त्यांचा भाबडा विश्वास होता. या शाळेची फी हा देश कशी भरतो आहे, याचा पुरता हिशेब त्यांनी कधी मांडला नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी नेमके इथेच बोट ठेवले. १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’तून त्यांनी लोकहितवादींवर सपाटून हल्ला चढवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: राज्यकर्ते आणि मिशनरी या देशाला रोजच हीन ठरवत आहेत, त्यात घरच्याच विद्वानांनी सूर मिसळला तर जिंकल्या गेलेल्या लोकांकडे स्वाभिमान म्हणून उरणार तरी काय? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पराभूत समाजाला स्वतःविषयी वाटणारी लाज हेही परसत्तेचे एक हत्यार असते आणि चिपळूणकरांनी ते ओळखले होते. तरीही त्यांच्या हातून एक गोष्ट निसटली. शतपत्रे मराठीत होती. ती इंग्रज अधिकाऱ्यांची वाहवा मिळवण्यासाठी लिहिलेली नव्हती; ज्यांच्यावर टीका होती त्यांनीच ती वाचावी, म्हणून लिहिलेली होती. खुद्द चिपळूणकरांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा निबंध पुढे इंग्रज सरकारने आक्षेपार्ह ठरवून जप्त केला. परक्यांपुढे समाजाचा अभिमान राखणारा लेखक सरकारच्या लेखी गुन्हेगार ठरला आणि समाजाचे वाभाडे काढणारा लेखक समाजाच्या लेखी. टीका कोणावर झाली यावरून शिक्षा कोण करणार हे ठरत होते, एवढाच काय तो फरक.

जोतीराव फुले यांची टीका आणखी वेगळ्या जागेवरून येते. लोकहितवादी वरच्या पायरीवर उभे राहून आपल्याच पायरीवरच्यांना बोलत होते. जोतीरावांनी ज्यांच्या कष्टावर ही सारी रचना उभी होती त्यांची बाजू घेतली. १८७३ मध्ये आलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. जो इतिहास आणि जी पुराणे अभिमानाने सांगितली जात, तीच त्यांनी हरलेल्यांच्या बाजूने वाचून दाखवली. बळीराजाला पाताळात घालणारा वामन त्यांच्या वाचनात देव राहिला नाही. भावना दुखावणारे लेखन म्हणतात ते हेच, आणि ते त्यांनी पुण्यात राहून, त्याच गल्लीबोळांतून रोज चालत असताना केले.

जोतीराव इंग्रजांचे लाडके होते, असा आरोप त्यांच्या हयातीतही झाला आणि नंतरही होत राहिला. त्यांचे लेखन आणि वागणे याच्याशी जुळत नाही. १८८३ मधल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात वाढता शेतसारा, जंगल खात्याने बंद केलेली गुरचरण आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर सारे सोपवून ऐषआरामात राहणारे गोरे अधिकारी यांवर तोच असूड पडतो. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना लॉर्ड लिटनच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या पुण्यातल्या समारंभाला सारे प्रतिष्ठित दागदागिन्यांत आले, तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि इथे जमलेले लोक म्हणजे हिंदुस्थान समजू नका, असे राजपुत्राला तोंडावर सांगून आले. 

राष्ट्रीय सभेविषयीही, म्हणजे काँग्रेसविषयीही, त्यांचा आक्षेप होता. जिथे माणसे एकमेकांच्या हातचे पाणी पीत नाहीत, एका पंगतीला बसत नाहीत, एका शाळेत शिकत नाहीत, तिथे राष्ट्र आहे असे नुसते म्हणून ते होणार कसे? त्यासाठी आधी लोक ‘एकमय’ झाले पाहिजेत, असे ते म्हणत. सभेच्या लोकांना ही गोष्ट बोचली. आपण स्वराज्य मागत असताना घरातल्या जखमा उघड्या कशाला करायच्या, असा सूर निघाला आणि तो पुढची पन्नास वर्षे थांबला नाही.

गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यातला बेबनाव याच सुरातून वाढला. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेल्या मजकुरावरून दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकरच. पण विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, बालविवाह यांवर ते जे लिहू पाहत होते ते ‘केसरी’त मावेना. १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ सुरू केला. त्यानंतर पुण्यातल्या विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला स्वदेशाचा शत्रू ठरवायला फार वर्षे लागली नाहीत.

या वादाचा सर्वांत कठीण प्रसंग १८९१ चा. आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या संबंधामुळे मरण पावली होती. सरकारने संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारा कायदा आणला. टिळकांनी विरोध केला. मुलींची लग्ने उशिरा व्हावीत हे त्यांना मान्य होते. परक्या सरकारने आपल्या धर्माचारात कायद्याने हात घालावा हे मान्य नव्हते. ज्या सरकारला निवडले नाही आणि काढताही येत नाही, त्याच्या हाती घरातले अधिकार द्यायचे का, हा त्यांचा प्रश्न तत्त्वाचा होता. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. सुधारणा स्वराज्यापर्यंत थांबवण्याची किंमत थांबा म्हणणाऱ्यांना द्यावी लागत नव्हती, ती त्या मुली देत होत्या. आगरकरांचे म्हणणे याच कारणाने अधिक माणुसकीचे ठरते. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसचा मंडप वापरू देण्यावरून इतका गदारोळ झाला की रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. देशाची सभा आणि समाजाची सभा एका छताखाली बसू शकली नाही.

घरातले दोष परक्यांपुढे मांडावेत का, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या बाबतीत आणखी टोकदार झाला. १८८७ मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे पुस्तक अमेरिकेत, इंग्रजीत आणि अमेरिकी वाचकांसाठी प्रसिद्ध झाले. मनूचे दाखले, बालविधवांचे हाल, स्त्रीच्या जन्माचे वाटणारे ओझे, सारे त्यात होते. देशाची अब्रू परदेशात वेशीवर टांगली, असे म्हणायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. पण त्या पुस्तकातून आणि व्याख्यानांतून उभ्या राहिलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढे ते पुण्यात आले. तिथे विधवा शिकू लागल्या. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि सदनातल्या मुलींवर त्या धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठे वादळ उठले. त्या आक्षेपात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या समाजाने त्या विधवांसाठी वेळेवर घर बांधले नव्हते, त्याला रमाबाईंनी पैसे कुठून आणले हे विचारण्याचा अधिकार फारच थोडा होता.

याच्या शेजारी १९२७ मधले कॅथरीन मेयो या अमेरिकी लेखिकेचे ‘मदर इंडिया’ ठेवून पाहावे. विषय पुष्कळसे तेच: बालविवाह, अस्वच्छता, अस्पृश्यता. हेतू मात्र हिंदी लोक स्वराज्याला लायक नाहीत हे दाखवण्याचा. महात्मा गांधींनी या पुस्तकाला गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाच्या अहवालाची उपमा दिली. पण त्याच लेखात त्यांनी असेही सांगितले की परदेशी वाचकांना याचा काही उपयोग नाही, भारतीयांनी मात्र ते वाचून त्यातून घेण्यासारखे घ्यावे. टीका खरी की खोटी एवढे पाहून भागत नाही; ती कोण करतो, कोणाला सांगतो आणि सांगून झाल्यावर तिथे थांबून काय करतो, हेही पाहावे लागते, असे त्यांनी नकळत दाखवून दिले. मेयो लिहून निघून गेल्या. रमाबाई परत आल्या आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत केडगावला निराधार स्त्रियांमध्येच राहिल्या. ‘मदर इंडिया’नंतर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, मुलींच्या लग्नाचे वय किमान १४ करणारा शारदा कायदा झाला.

सरकारवरच्या टीकेची कहाणी याला समांतर चालते. भारतीय दंड विधानात राजद्रोहाचे कलम १२४अ १८७० मध्ये घातले गेले. त्याखालचा पहिला गाजलेला खटला १८९१ चा, कलकत्त्याच्या ‘बंगबासी’ या पत्रावरचा आणि तोही संमतिवयाच्या कायद्याला केलेल्या विरोधाबद्दल. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घरांत शिरून झालेल्या झडत्यांनी लोक संतापले होते. जूनमध्ये प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच सुमारास ‘केसरी’त आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कलमाचा असा अर्थ सांगितला की सरकारविषयी प्रेमाचा अभाव हाही गुन्हा ठरावा. टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ मध्ये मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर लिहिलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून पुन्हा खटला झाला. ज्युरीतल्या सात जणांनी त्यांना दोषी ठरवले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

स्ट्रॅची यांच्या अर्थामागची मागणी नीट पाहायला हवी. नागरिकाने कायदा पाळावा, हिंसा करू नये, एवढ्यावर ती थांबत नव्हती. त्याने मनातून प्रेम करावे आणि ते प्रेम नसेल तर तुरुंगात जावे, इथवर ती पोचत होती. १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी तीच नाकारली. प्रेम कायद्याने पैदा करता येत नाही आणि हिंसेला चिथावणी नसेल तोवर नाराजी बोलून दाखवायला पूर्ण मुभा असावी, असे सांगून त्यांनी गुन्हा कबूल केला आणि जास्तीत जास्त शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देत त्यांनाही सहा वर्षांचीच शिक्षा दिली.

देशभक्तीच्या प्रश्नाचे सर्वांत कडवट रूप १४ ऑगस्ट १९३१ ला मुंबईच्या मणिभवनात दिसले. गोलमेज परिषदेला जाण्यापूर्वी गांधींची भेट घ्यायला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना सांगितले की आपल्याला मायभूमीच नाही. ज्या भूमीत कुत्र्या-मांजरांपेक्षा वाईट वागणूक मिळते, पाणीही पिऊ दिले जात नाही, ती आपली कशी म्हणायची? हे रागाच्या भरात निघालेले वाक्य नव्हते. चार वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल त्यांच्या लोकांनी मार खाल्ला होता आणि नंतर सवर्णांनी तळे गोमूत्राने शुद्ध करून घेतले होते. गोलमेज परिषदेतल्या भूमिकेमुळे तेव्हाच्या अनेक वृत्तपत्रांनी त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हटले.

याच माणसाने १७ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत सांगितले की आज आपण कितीही विभागलेले असलो तरी हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी राज्यघटना तडीस नेली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या भाषणात त्यांनी तीन इशारे दिले, पैकी दोन थेट या विषयाचे आहेत. राजकारणात व्यक्तिपूजा हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे. आणि जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या समाजात फूट पाडतात. राष्ट्रविरोधी हा शिक्का तोवर टीकाकारावर मारला जात होता. बाबासाहेबांनी तो उचलून ज्या रूढीवर टीका होत होती तिच्यावर मारला. जोतीरावांच्या ‘एकमय’ लोकांची मागणीच साठ वर्षांनी देशाच्या सर्वोच्च सभागृहात मांडली गेली. मणिभवनातला तो नकार देशाविषयीच्या तिटकाऱ्यातून आला असता, तर त्या माणसाने त्याच देशाच्या घटनेसाठी आपली प्रकृती पणाला लावली नसती.

साने गुरुजींचे उदाहरण याच काळातले. स्वातंत्र्यासाठी अनेकदा तुरुंगात गेलेल्या आणि मुलांच्या ओठी देशप्रेमाची गाणी देणाऱ्या गुरुजींनी मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. अशा वेळी समाजात फूट पाडता, असे त्यांनाही ऐकावे लागले. मंदिर खुले झाले.

घटनेच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादांमध्ये राजद्रोहाचा उल्लेख होता. कन्हैयालाल मुन्शी यांनी तो वगळण्याची दुरुस्ती सुचवली आणि ती डिसेंबर १९४८ मध्ये मान्य झाली. दंड विधानातले कलम मात्र जागेवर राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनात्मक ठरवले, पण त्याला कुंपण घातले: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा रोख असेल तरच गुन्हा, सरकारवरची टीका, ती कितीही कडक असली तरी, गुन्हा नाही. स्ट्रॅची यांचा अर्थ इथे कायमचा निकालात निघायला हवा होता.

प्रत्यक्षात सरकार आणि देश एकच, हा समज स्वतंत्र भारतातही टिकला. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. त्या काळचे काँग्रेस अध्यक्ष देवकांत बरुआ इंदिरा म्हणजेच भारत, असे जाहीरपणे म्हणत. त्याच डिसेंबरात कऱ्हाडला ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्षा दुर्गा भागवत. लोकसाहित्य आणि संस्कृतीच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या दुर्गाबाई कोणत्याही पक्षाच्या नव्हत्या. त्यांनी लेखनस्वातंत्र्यावरच्या बंधनांचा मंचावरूनच निषेध केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला उभे राहून प्रार्थना करायला सांगितले. मंत्री समोर, साध्या वेशातले पोलीस मंडपात असण्याचा तो काळ, आणि एकटी बाई माइकपुढे. पुढे त्यांना अटक झाली. भारतीय लोकपरंपरेवर त्यांच्याइतके प्रेम करणारी माणसे मराठीत मोजकीच सापडतील. सत्तेपुढे न वाकण्याचे बळ त्यांना त्याच प्रेमातून मिळाले असे म्हणायला हरकत नाही. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाच्या प्रकरणात सेन्सॉरचे आदेश रद्द केले आणि सरकारशी असहमती व्यक्त करण्याचा हक्क आणीबाणीतही संपत नाही, हे ठणकावले.

टीकाकारांवरचे आक्षेप तेव्हापासून फारसे बदललेले नाहीत. शत्रूच्या हाती कोलीत मिळते, जगात नाव खराब होते, चांगले काही दिसतच नाही, आताची वेळ नाही. यांतला पहिला आक्षेप युद्धकाळात खरा असू शकतो. सैन्याच्या हालचाली फोडणे म्हणजे टीका नव्हे. उरलेले चिपळूणकरांचेच आहेत, फक्त त्यांच्यामागे आता परसत्ता नाही. चिपळूणकर गुलाम देशाच्या स्वाभिमानासाठी झगडत होते. स्वतंत्र, स्वतःचे सरकार निवडणाऱ्या आणि बदलणाऱ्या देशाला तोच युक्तिवाद वापरावा लागत असेल, तर त्याला आपल्या बळावर विश्वास नाही असेच समजावे लागेल. टीकाकारांच्या बाजूनेही एक कसोटी मान्य करायला हवी. समाजाचा एकच दोष दिसणे, त्याच दोषाकडे आपल्या गटात डोळेझाक करणे, आणि ज्यांच्याविषयी बोलतो त्यांच्यापासून अंग चोरणे, यांमुळे टीका पातळ होते. जोतीरावांनी इंग्रजांना सोडले नाही, आगरकरांनी स्वतःच्या जातीला सोडले नाही, म्हणून त्यांचे शब्द टिकले.

कायद्याचे पुढचे टप्पे अलीकडचे आहेत. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारवरच्या कठोर टीकेला हे कलम लावता येत नाही, हे पुन्हा स्पष्ट केले. ११ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४अ चा वापर स्थगित ठेवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तीत राजद्रोह हा शब्द नाही, पण देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. शासनाच्या धोरणांवरची नापसंती हा गुन्हा नाही, असे स्पष्टीकरण त्याला जोडलेले आहे. कलमाची भाषा मात्र सैल आहे आणि तिचा अर्थ कसा लागेल हे ठाण्यातला फौजदार आणि न्यायालय यांच्यावर अवलंबून राहील.

हे अवलंबून राहणे किती नाजूक आहे, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्रकरणात दिसले. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकाने कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस असल्याचे व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लिहिले आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्याच्यावर गटागटांत वैर पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा आणि त्याचा निषेध शांततेने नोंदवण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हे सद्भावनेचे लक्षण आहे आणि शब्दांचा परिणाम हळव्या, दुबळ्या मनाच्या माणसावरून न ठरवता विवेकी माणसावरून ठरवावा, असे न्यायालयाने म्हटले. भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय, हे आपल्या पोलीस यंत्रणेला शिकवण्याची वेळ आली आहे, असेही निकालात नमूद आहे. हे शिक्षण दुसऱ्याच्या मतावर फिर्याद घेऊन ठाण्याकडे निघणाऱ्या नागरिकांनाही तितकेच हवे आहे.